डाव्या बाजूचा बोल्ट

ऑगस्ट सरत आला होता. सकाळची कॉफी संपल्यावर आयलीने रिकामा कप दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आर्विद, मला एक रायफल घ्यायचीय. नवी, दुकानातली."

आर्विद कांगास खिडकीशी बसून गळाच्या दोरीचा गुंता सोडवत होता. त्याचे हात थांबले. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचं सांगितलं, तेव्हापासून या घरात नवं असं काही आलंच नव्हतं. आली ती औषधं, आल्या त्या शेजारणींनी फडक्यात गुंडाळून दिलेल्या मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या, आणि आली त्यांची मुलगी मार्लिस, शहरातलं भाड्याचं घर सोडून आईपाशी राहायला. आयलीने आपल्या तोंडाने काही मागावं, असं या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदाच घडत होतं.

"रायफल?"

"हो, हरणाची. नाहीतर पंधरा नोव्हेंबरला काय झाडू घेऊन बसू रानात?"

आर्विदला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी फुटलं. पंधरा नोव्हेंबर म्हणजे शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. त्या दिवशी इकडे शाळासुद्धा बंद असतात. जी बाई नोव्हेंबरसाठी बंदूक मागते ती नोव्हेंबर बघणार, असं त्याने मनाशी धरलं, आणि एकदा धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

"माझी घे की. मी जुनी वापरीन."

"तुझीच तर घेतली जन्मभर. तुला नवी आली की जुनी माझ्याकडे. दस्ता तुझ्या हाताच्या लांबीचा. जाड कोट घातला की काखेत अडकायचा. चुकून नीट लागलाच, तर खांदा पुढं आठवडाभर निळा. एकदा तरी बाईच्या मापाची बंदूक येऊ दे या घरात."

"मग दुकानातली सगळ्यात भारी घेऊ."

"भारी नको. अगदी स्वस्तही नको. मधली बघू. टिकली पाहिजे मात्र."

"किती टिकायला हवी?"

"पुष्कळ," आयली म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर मार्लिस सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीसाठी लाकडं फोडत होती.

गॉर्डीचं दुकान गावाच्या चौकात. पुढे खिळे, रंगाचे डबे, मांजराचं खाणं. मागच्या भिंतीला बंदुका. गॉर्डी आणि आर्विद एकाच कॅम्पातले, म्हणजे रानातल्या एकाच खोपटातले. हंगामात एकाच चुलीवर मोजे वाळवणारे.

"ये रे म्हाताऱ्या," गॉर्डी ओरडला. "गेल्या साली झाडाला मारलेली गोळी परत करायला आलास काय?"

"ते झाड अजून लंगडतंय," आर्विदच्या मागून आयली म्हणाली.

गॉर्डी हसला, आणि हसता हसता त्याची नजर तिच्या अंगावर लोंबणाऱ्या स्वेटरवर गेली. चटकन त्याने रंगाचा एक मोठा डबा ओढला, वर घडी घातलेलं पोतं टाकलं. "बस, आयली. राणीसारखी बस. बोल, काय दाखवू?"

त्याने तीन रायफली लाकडी फळीवर आडव्या ठेवल्या. पहिली स्वस्तातली. प्लास्टिकचा काळा दस्ता. बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा बाजूचा दांडा, मागे ओढला की खुळखुळ वाजायचा.

"दिसायला भूत आहे," गॉर्डी म्हणाला, "पण नेमाला नाव ठेवायला जागा नाही. निम्मं गाव हीच नेतं."

आयलीने प्लास्टिकवरून बोट फिरवलं. "थंडीत हिला गाल लावायचा म्हणजे मढ्याला गाल लावल्यासारखं."

एरवी तिच्या अशा बोलण्यावर दुकान हसलं असतं. आज गॉर्डीने खोकल्यासारखं केलं आणि मार्लिस मांजराच्या खाण्याची पिशवी उगीच वाचू लागली.

दुसरी होती ती आरशासारखी. अक्रोडाच्या लाकडावर इतकी झिलई की छतावरचा दिवा तिच्यात दिसावा.

"ही पावसात न्यायची की चर्चमध्ये?" आयलीने विचारलं. "ही भिंतीला टांगतात आणि रानात दुसरीच घेऊन जातात. ठेव बाबा, ओरखडा गेला तर झोप यायची नाही."

तिसरीवर मात्र तिचा हात थांबला. लाकूड तेच, पण नुसतं तेल पाजलेलं, मिरवायला काही नाही. नळी फार लांब नाही, वजन माफक. बोल्ट लोण्यातून सुरी जावी तसा मागे गेला आणि पुढे आला. दस्ता तोकडा होता. कंपनीने तो बायकांसाठी आणि वाढत्या पोरांसाठी काढला होता, असं गॉर्डी म्हणाला.

"गोळी कुठली घेते?"

"सेव्हन-ओ-एट. हरणाला पुरून उरते आणि खांद्याला लाथ मारत नाही."

"मार्लिस," आयलीने हाक मारली. "इकडे ये. धर ही जरा."

"मी कशाला, मा? तुला लागायला हवी नीट."

"मला दम लागलाय. मी बाजूने बघते. कोपर दुमड. दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकव. आता बोट पुढं कर. चापापर्यंत जातं?"

"जातं."

"आता खांद्याला लावू नको लगेच. आधी डोळे मीट. मिटलेस? मग लाव. आता उघड. दुर्बिणीत काय दिसतंय?"

मार्लिसने दाराबाहेरच्या पाटीवर नळी रोखली होती. चाळिशीची बाई, पण त्या क्षणी ती शाळकरी पोरीसारखी उभी होती. "सगळा गोल दिसतोय, मा. काळी कड कुठेच नाही. मान वाकवावी लागली नाही की ताणावी लागली नाही."

"झालं तर," आयली म्हणाली. "हीच."

आर्विद पुढे आला. "आयली, तुझे हात तिच्याहून लांब. तुला हा दस्ता तोकडा पडेल."

"मी आता वाळलेय, आर्विद."

गॉर्डीने विषय बदलला. "दुर्बिणीचा नेम मी बसवून देऊ? उद्या सकाळी नेम बसवायला खाणीवर जाणारच आहे."

"हात लावू नको," आयली म्हणाली. "नेम मीच बसवणार."

त्यांच्या कॅम्पाची रीतच तशी होती. जो बंदूक देतो तोच तिचा नेम बसवतो. तीन गोळ्या झाडायच्या, नेम खरा करायचा आणि ती तीन रिकामी काडतुसं बंदुकीबरोबर द्यायची, म्हणजे देणाऱ्याने शब्द दिल्यासारखं. आर्विदच्या बापाने दिलेली तीन काडतुसं अजून तंबाखूच्या डबीत होती. आता आयली स्वतःसाठी घेते आहे तर स्वतःच बसवणार, यात वेगळं काय? आर्विदला उलट तिच्या आवाजातला जोर ऐकून बरं वाटलं.

मार्लिस आईला धरून गाडीकडे घेऊन गेली. पैसे द्यायला आर्विद मागे राहिला. काचेतून त्याला दिसलं, आयली गाडीत चढताना उजव्या छातीवर हात ठेवून थांबली. तिथे कातडीखाली औषध सोडायची डबी बसवलेली होती. सुई त्यातच टोचायचे. दवाखान्यात बजावलं होतं, तिथे मार लागता कामा नये.

"गॉर्डी," तो हळू आवाजात म्हणाला, "उजव्या खांद्याला हिला दस्ता लावता यायचा नाही. धक्का बसला तर ती डबी हलेल. डावा खांदा लावावा लागेल. ही बंदूक डावखुऱ्यांसाठी मिळते ना? बोल्ट डाव्या बाजूला असलेली?"

"मिळते. पण मागवावी लागेल. तीन आठवडे धर. हंगामाच्या तोंडावर सगळेच मागवतात, जास्तही लागतील." गॉर्डीने मान खाजवली. "आर्विद, तिने स्वतः निवडलीय. विचार तरी तिला."

"विचारलं तर नको म्हणेल. स्वतःसाठी घ्यायचं म्हटलं की तिचं 'चालेल' ठरलेलं. जन्मभर माझ्या मापाची चालवून घेतली. या वेळी तिला जमेल अशीच द्यायची. नोव्हेंबरला अवकाश आहे."

गॉर्डीने समोरची रायफल, तीच, तिथल्या तिथे घरी नेता आली असती ती, उचलून परत भिंतीला लावली.

गाडीत आयलीने विचारलं, "कुठाय?"

"ती दुर्बीण नुसती दाखवायची होती. आपली बसवायची राहिलीय. येईल थोड्या दिवसांत."

"थोड्या म्हणजे?"

"अगं येईल. पळून जातेय का कुठं!"

ती काचेला डोकं टेकून बसली. आर्विद मात्र आपल्या गुपितावर खूश होता. घरी जाईपर्यंत शीळ घालत होता.

सप्टेंबरभर तो रानात राबला. तिला आता उंच मचाणावर चढवणार नाही, म्हणून त्याने जमिनीवर फळ्यांचं लपण बांधलं. आत बारकी लोखंडी शेगडी, पाठ टेकायला फळी, पायाखाली जुनं कार्पेट. कॅम्पातला लेनर्ड बघायला आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हरणं मारायची की इथे लग्न लावायचंय?"

"आयली येणार आहे."

लेनर्डने हातोडा उचलला आणि संध्याकाळपर्यंत खिळे ठोकत बसला.

घरी आयली रोज विचारायची, "आली का?" आर्विद डोळा मारायचा आणि म्हणायचा, "येतेय, येतेय." पहिल्यांदा ती स्वयंपाकघरातून विचारायची. मग आरामखुर्चीतून. मग बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली तिचा पलंग मांडला तिथून. वेलदोड्याचा गोड पाव कॉफीत बुडवून मार्लिस भरवायची, तेवढाच घास जायचा. एके दिवशी ती म्हणाली, "आर्विद, गॉर्डीला म्हण, दुर्बीण नको. नुसती बंदूक दे." तो म्हणाला, "दम धर गं. बघशीलच." तिने डोळे मिटून घेतले. दम धरणं तिला किती जड जातंय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे ते लपण होतं, शेगडी होती, आणि डाव्या खांद्याला बंदूक लावून बसलेली आयली होती.

रायफल आली तेव्हा ऑक्टोबर अर्धा सरला होता आणि अंगणात पहिला बर्फ पडला होता. आर्विदने खोकं दारातच फोडलं, रुमालाने नळी पुसली आणि ती आयलीच्या गोधडीवर आडवी ठेवली.

"घे. तुझी."

तिचा चेहरा उजळला. लाकडावरून तिने तळवा फिरवला. मग तिचा उजवा हात सवयीने बोल्टकडे गेला. तिथे काही नव्हतं. बोटांनी थोडं मागे चाचपलं, थोडं पुढे चाचपलं. सपाट लोखंड. तिने मान वळवून बघितलं. बोल्ट पलीकडच्या बाजूला होता.

"डाव्या हाताची आहे," आर्विद घाईघाईने म्हणाला. "तुझ्या डबीला धक्का लागू नये म्हणून. मुद्दाम मागवली. म्हणून तर उशीर झाला. तुला कळू दिलं नाही."

आयली हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली आणि मग ते हसणं राहिलं नाही. मार्लिस कॉफी घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"आर्विद, अरे आर्विद," आयली म्हणाली. "ही माझ्यासाठी नव्हती रे."

"म्हणजे?"

"मार्लिससाठी होती. तिच्या मापाची. तुझी जुनी तिच्या गळ्यात पडायला नको म्हणून. मी नेम बसवून, काडतुसं तिच्या हातावर ठेवणार होते. तेवढंच मनात होतं."

आर्विद पलंगाच्या कडेला बसला. कोपर दुमड, डोळे मीट, काय दिसतंय, सगळं त्याच्या समोरच तर झालं होतं. "मग सांगायचंस ना मला!"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? मी एप्रिलपासून सांगतेय. तू लपण बांधतोस."

आर्विदने रायफल गोधडीवरून उचलली, परत ठेवली.

"मी गॉर्डीला फोन करतो," तो उठला. "ती उजवी भिंतीवरच असेल."

"ती विकली गेली असणार, पा," मार्लिस हळूच म्हणाली. "मी मागच्या महिन्यात गेले होते तेव्हाच भिंतीवर नव्हती. मला वाटलं, आपलीच दुर्बीण बसवायला काढलीय. आता दुसरी मिळेल ती हंगामानंतर."

"हंगामानंतर!" आयलीने डोळे पुसले. "तेवढी सवड नाही माझ्याकडे. हीच द्यायची. आज ऊन आहे. मला खाणीवर न्या."

"मा, तुला बसवत नाही—"

"म्हणून तर आज."

खडीची जुनी खाण गावाबाहेर, बर्चच्या झाडांमागे. सगळं गाव तिथेच नेम बसवतं. आर्विदने सौनाबाहेरची खुर्ची गाडीत घातली होती. दोघांनी मिळून आयलीला खुर्चीत बसवलं, गोधड्या गुंडाळल्या, पुढे फळी ठेवली, फळीवर मक्याची पोती रचली. मार्लिसने समोरच्या उतारावर पुठ्ठा उभा केला, त्यावर कोळशाने ठिपका काढला. मग आर्विदने रायफल पोत्यांवर ठेवून दस्ता आयलीच्या डाव्या खांद्याशी आणला.

तिचं डोकं थरथरत होतं. तिने गाल लाकडाला टेकवला आणि थरथर थांबली. बराच वेळ ती नुसती श्वास घेत राहिली. आर्विदला वाटलं, झोपली की काय. आणि बार झाला. बर्चवरचा बर्फ भुरभुरत खाली आला.

"लाथ मारत नाही गं," आयली मार्लिसला म्हणाली. "नुसती ढकलते. गर्दीत कोणी ढकलावं तशी." तिचा डावा हात उठला तो नेमका बोल्टवर पडला. मागे ओढताना दोन वेळा निसटला, तिसऱ्यांदा काडतूस गोधडीत पडलं. तिने आर्विदकडे बघितलं. "हे मात्र बरं केलंस. उजवी असती तर मला आज ही एकसुद्धा जमली नसती."

पुठ्ठ्यावरचं भोक ठिपक्याच्या खाली, बरंच डावीकडे होतं. आर्विदने दुर्बिणीची चकती फिरवायला हात घातला, तर आयली खुर्चीत मागे रेलली होती. ओठ पांढरे पडले होते.

"आता तू," ती म्हणाली.

"नाही. उरलेल्या दोन उद्या मार. उद्याही ऊन पडेल."

"आर्विद."

"तुझी तू बसव. रीत आहे."

"रीत देणाऱ्याची आहे. देणारे दोघं असले तर काय बिघडलं? माझ्यामागं तिच्याजवळ तूच असणार. आता नोव्हेंबरचं माझ्याशी बोलू नकोस. तिच्याशी बोल."

आर्विद बर्फात गुडघ्यांवर बसला. दुर्बिणीतून बघितलं तर ठिपका दिसेना, नुसतं पाणी दिसायचं. तो थांबला. बाही डोळ्यांवरून फिरवली, परत गाल टेकवला. लाकूड अजून आयलीच्या गालाने कोमट होतं. तोकडा दस्ता त्याच्या खांद्याला नीट बसेना, बोल्टला हात उलटा जाई. जन्मभर तिने त्याच्या बंदुकीत कसं अवघडून घेतलं असेल, ते त्याला तिथे, त्या थंडीत कळलं. त्याने चकती फिरवली. दुसरी गोळी ठिपक्याच्या कडेला लागली. परत किंचित फिरवली. तिसरी मधोमध.

आयलीने तिन्ही काडतुसं मार्लिसच्या तळव्यावर ठेवली आणि तिची मूठ बंद केली. तेवढ्यानेच तिला धाप लागली होती.

महिना संपायच्या आत ती गेली. सकाळची वेळ होती, मार्लिस तिचे केस विंचरत होती.

पंधरा नोव्हेंबरला आर्विद जाणार नव्हता. गॉर्डी आणि लेनर्ड येऊन गेले, खूप बोलले, तरी तो नाहीच म्हणाला. पहाटे मार्लिसने त्याचे बूट शेगडीपाशी तापत ठेवले, आणि तो ते घालून तिच्यामागे निघाला.

लपणात शेगडी पेटवली. पाठ टेकायची फळी दोघांच्या मध्ये रिकामी राहिली. दोघंही तिच्यावर रेलले नाहीत. उजाडल्यावर बर्चच्या कडेने एक मादी गेली, तिच्यामागे दुसरी. मग बऱ्याच वेळाने नर आला. मान खाली घालून, वास घेत, मध्येच थांबत. मार्लिसने रायफल उचलली. जाड कोट होता, पण दस्ता कुठे अडकला नाही.

बार झाला. नर एक उडी मारून पुढच्या पायांवर बसला आणि कलंडला.

मार्लिसचा उजवा हात सवयीने बोल्टकडे गेला. तिथे काही नव्हतं. बोटांनी थोडं मागे चाचपलं, थोडं पुढे चाचपलं.

तशीच चाचपणारी बोटं आर्विदने आयलीच्या गोधडीवर बघितली होती.

"डावीकडे, पोरी," तो म्हणाला. "डावीकडे आहे."

तिने डावा हात वर नेला आणि बोल्ट ओढला. काडतूस उडून आर्विदच्या मांडीवर पडलं. ते गरम होतं. त्याने हातमोजा काढला आणि ते मुठीत धरून ठेवलं. बाहेर नर निपचित पडला होता, उठून तिकडे जायला हवं होतं. मार्लिस उठली, दाराशी जाऊन थांबली. तो उठला नाही. मुठीतलं काडतूस गार होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.